लेथच्या हँडलला दही
सकाळी मुलगा मुलाखतीला निघाला, बायकोने त्याच्या हातावर दही ठेवलं आणि त्या आंबट वासाने मला आमच्या कारखान्यातली शेवटची दुपार आठवली. गाड्यांचे सुटे भाग यापुढे परदेशात बनणार होते, त्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि मशिनं ट्रेलरवर चढत होती. रिकाम्या शेडमध्ये नुसता ग्रीसचा वास उरला होता. लेथवर उभा जन्म काढलेले, कात्रजहून येणारे आमच्यातले एक थोरले कामगार जेवणाचा डबा उघडून पुढे झाले आणि त्यांनी ट्रेलरवर चढलेल्या आपल्या लेथच्या हँडलला बोटाने दही लावलं. "अहो, हे काय करताय?" साहेब ओरडले. "लांबच्या प्रवासाला निघालीये ती," ते म्हणाले. मग दह्याने लोखंड गंजेल म्हणून त्यांनीच ते फडक्याने पुसलं आणि वरून तेलाचा हात फिरवला. ट्रेलर फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी उरलेलं दही आमच्यापुढे धरलं. "घ्या, आपणही निघालोच की." आम्ही एकेक बोट चाटलं आणि कुठे जायचं ते ठाऊक नसतानाच फाटकाबाहेर पडलो. घराबाहेर पडताना मी दही का घेत नाही, असं बायको अजून विचारते. दात आंबतात, म्हणतो.