थंड हवेचा पूर्वपक्ष

सबंध बनारसात उन्हाळ्यात उकडत नाही असा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उकडतं हे त्यांच्यापुढे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, एवढंच त्याचं कारण. मे महिन्याच्या दुपारी, घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नाही अशा वेळी, मी घामाने निथळत त्यांच्याकडे पोहोचतो आणि 'काका, काय उकडतंय हो!' म्हणून पंख्याखाली बसतो. काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुणाला?" मी म्हणतो, मला. "मग मला उकडतंय असं म्हण. जगाला कशाला त्यात ओढतोस?" यावर माणसाने पाणी मागायचं की आल्या वाटेने परत जायचं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पाणी मागितलं तर तहान लागल्याचा पुरावा मागतील अशी धास्ती असते, म्हणून मी मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घेतो.

काकांनी उभी हयात एका संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं. हे शास्त्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते पाठशाळेतच राहिलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण काका निवृत्त झाले, विद्यार्थी आपापल्या वाटेने गेले, आणि एवढं परजलेलं हत्यार घरी घेऊन आलेल्या माणसाने ते कुणावर तरी चालवायचं म्हणून दूधवाल्यावर चालवायला सुरुवात केली. "दूध एकदम शुद्ध हौ, गुरुजी," असं तो बिचारा सवयीने म्हणाला. काकांनी त्याला प्रमाण विचारलं. बराच वेळ जिन्यात उभं राहून, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन, शेवटी त्याने दुधात पाणी असल्याचं कबूल केलं. तेव्हा काकांनी त्याला पाणी असल्याचंही प्रमाण विचारलं. तेव्हापासून तो किटली खालच्या पायरीवर ठेवतो, हाक मारतो आणि मावशी जिना उतरायच्या आत दिसेनासा होतो. आमच्या डॉक्टरांनी तर या घरी यायचंच सोडलं आहे, ते कंपाउंडरला पाठवतात. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ही विद्वत्ता नांदते, आणि तिच्या पायी दुसरा मजला चढायला कुणी तयार होत नाही.

या घरातली थंडाव्याची जुनी व्यवस्था अशी होती: खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारण्याचं काम मावशीकडे, आणि पलंगाच्या पायथ्याशी कपाटाएवढा एक लोखंडी कूलर. तो सुरू झाला की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नसे. काकांना तो फार आवडायचा, कारण त्याच्यावर आवाज चढवून बोलणं फक्त त्यांनाच जमायचं. थंडीत कूलरच्या जागी तारांचा एक हीटर यायचा. त्याची एक बाजू जळालेली होती, त्यामुळे ऊब मिळायची ती डाव्या पायाला. मावशीने या सगळ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. अशा घरात शब्द काढला की त्याचं पुढे काय होतं, ते ती लग्न होऊन काशीला आल्यापासून पाहत होती.

मग मावशीचं हृदय दुखणाईत झालं. उन्हाची काहिली आणि पौषाचा गारठा, दोन्हीपासून हिला जपा, असं डॉक्टरांनी कंपाउंडरकरवी कळवलं. माझी मावसबहीण हैदराबादला असते. तिने फोनवर बापाला साफ सांगितलं, "बाबा, उन्हाळा चढायच्या आत आईच्या खोलीत गरम-थंड दोन्ही करणारा एसी लागला नाही, तर मी येऊन तिला कायमची घेऊन जाईन." मावशी त्या दिवशी प्रथमच माझ्याजवळ याबद्दल बोलली. "अरे, लोक मरायला काशीत येतात. मी इथली असून मरायला हैदराबादला जाऊ? तू बघ ना एखादा माणूस." मी रेल्वेच्या नोकरीत इथे बदलून आलेला, माझं ऐकणारं बनारसात फारसं कुणी नाही. पण मावशीने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून मी कामाला लागलो.

पहिला माणूस दुकानातूनच आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने खोली बघितली, हातातल्या यंत्राने भिंती मोजल्या आणि म्हणाला, "अंकलजी, इसमें डेढ़ टन लगेगा." काकांनी त्याला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की संपलं, हे मला माहीत होतं, पण त्या पोराला कोण सांगणार? टन हे तर वजनाचं माप, तेव्हा थंडीला वजन असतं काय, असा पहिला प्रश्न आला. तो म्हणाला, नाही, म्हणजे ही मशीन दीड टनाची ठंडी हवा देते. झालं. काकांचे डोळे लकाकले. न्यायशास्त्राप्रमाणे वायू मुळात थंडही नसतो आणि गरमही नसतो. थंडपणा हा पाण्याचा गुण, उष्णता हा तेजाचा, आणि वाऱ्याला यातलं काहीच नाही. तेव्हा थंड हवा ही सशाच्या शिंगासारखी गोष्ट आहे, आणि जी वस्तूच नाही ती तुम्ही दीड टन कशी विकता, असं काकांनी त्याला शुद्ध हिंदीत विचारलं. पोरगं हुशार असावं. 'मैनेजर से पूछकर बताता हूँ' म्हणून ते उठलं, आणि मॅनेजरने त्याला काय सांगितलं हे अजून कळलेलं नाही.

दुसरा चांगला पोक्त ठेकेदार होता, तोंडात पान, मनगटात जाडजूड कडं. त्याने हवेचं नावच काढलं नाही. पण 'एकही मशीन, गुरुजी, जाड़ा में गरम, गरमी में ठंडा' एवढं बोलून तो फसला. एकाच वस्तूच्या ठिकाणी दोन परस्परविरुद्ध धर्म कसे राहतात, हे त्याला सांगता आलं नाही. "रिमोट में बटन हौ," असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. काकांनी बटन हा न्यायशास्त्रातला हेतू, म्हणजे कारण, होऊ शकत नाही हे त्याला उदाहरणांसह पटवून दिलं. पटलं एवढ्यासाठी म्हणतो की तो नमस्कार करून गेला. पुढे मी शहरात ज्याला ज्याला फोन करी, तो आधी पत्ता विचारी, आणि संकठा घाट म्हटलं की 'मराठी गुरुजी के इहाँ? हमार आदमी छुट्टी पर हौ' असं म्हणून फोन ठेवी. एवढ्या बनारसात, जिथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही आणि सगळं 'हो जाई'वर चालतं, तिथे आमच्या काकांनी लोकांना नकार द्यायला शिकवलं. शिक्षक म्हणून त्यांचं हेच कार्य टिकेल असं मला वाटतं.

तोवर चैत्र सरत आला होता. शेवटी भेलूपुरचे एक गुप्ताजी मी पत्ता न सांगता स्कूटरवर मागे बसवून आणले. हा माणूस मला देवाने पाठवला असावा, कारण तो कशालाच नाही म्हणेना. हवा थंड नसते? "सही बात, गुरुजी." थंडीला वजन नसतं? "कहाँ से होई!" काकांनी तीन-चार बाजूंनी चढाई केली, पण समोर फौजच नाही म्हटल्यावर लढणार कुणाशी? पूर्वपक्ष, म्हणजे खोडायला समोरचं म्हणणं, मांडायलाच कुणी नाही म्हणून काका कासावीस झाले. मावशी पदराआडून हसली. मला वाटलं, सुटलो.

पण बाहेरचं यंत्र कुठे लावायचं हा प्रश्न राहिला होता. गुप्ताजींनी गल्लीकडची भिंत दाखवली, सगळे तिथेच लावतात म्हणाले. काका एकदम उठून उभे राहिले. "वहाँ नहीं." ही गल्ली पुढे मणिकर्णिकेला निघते. दिवसातून कितीदा तरी खालून प्रेतयात्रा जातात, त्यांच्या डोक्यावर यंत्राच्या झळा आणि पाणी पडणार. गुप्ताजी प्रथमच वाद घालायला गेले. "मुर्दा के का फरक पड़ी, गुरुजी?"

"मुर्दे की बात नहीं कर रहा," काका म्हणाले. "कंधा देनेवालों की कर रहा हूँ. ऊपर धूप, कंधे पर बाप. उनके माथे पर मैं अपने घर की गरमी फेंकूँ?"

हे ऐकून मला काकांचं कौतुक वाटलं, पण फार वेळ वाटलं नाही. कारण मग उरली ती गंगेकडची बालकनी, आणि बालकनी द्यायला काका तयार नव्हते. तिथे त्यांची बैठक होती. रोज दुपार कलली की त्यांच्यासारखेच दोन निवृत्त शास्त्री तिथे यायचे आणि तिघं मिळून दिवेलागणीपर्यंत एकमेकांचं म्हणणं खोडून काढायचे. ते बाहेरचं यंत्र लागलं असतं तर तिथे जेमतेम एका माणसाची जागा उरली असती, तीही भट्टीपुढे बसल्यासारखी. गल्ली नाही, बालकनीही नाही. काकांनी गच्चीचा विचार मांडला, मग तो स्वतःच खोडला. गुप्ताजी रोज येऊन चहा पिऊन 'हो जाई' म्हणून जाऊ लागले, आणि बायकोचं हृदय धडधडत असताना हा माणूस जागेची चर्चा करतो आहे हे बघून माझं डोकं फिरायची वेळ आली.

वैशाखात एका सकाळी मावशी भाजणी भाजता भाजता स्वयंपाकघरात खाली बसली, ती तिला उठता येईना. ओठ पांढरे पडले होते. "काही नाही रे, घाम आला," एवढंच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी मावसबहीण आली. बापाशी एक अक्षर न बोलता तिने आईची बॅग भरली. संध्याकाळच्या गाडीची तिकिटं तिच्याजवळ होती. बाहेरच्या खोलीत गुप्ताजींपुढे काकांचं चाललंच होतं, भिंतीचा कोणता भाग गल्लीचा मानायचा आणि कोणता घराचा, यावर. मावशी चांगलं लुगडं नेसून दारात येऊन उभी राहिली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी जाते हैदराबादला. तुमचा निर्णय लागला की कळवा."

काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते मावशीकडे बघत राहिले, मग बॅगेकडे. "गुप्ताजी," ते म्हणाले, "बालकनी में लगाइए."

"आउर आपकी बैठक, गुरुजी?"

"लगाइए न, भाई! आदमी बुलाइए, आज, अभी!" काका इतक्या जोरात ओरडले की आत मोलकरणीच्या हातून भांडं पडलं. मावसबहिणीने तिकिटं पर्समध्ये परत ठेवली.

मग जे दोन दिवस काम चाललं त्याबद्दल न बोललेलंच बरं. भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाला काका प्रत्येक पावलाला कारण विचारत होते, आणि शेवटी त्या माणसाने त्यांच्याच हातात ड्रिल दिलं तेव्हा कुठे ते मागे सरले. मशीन सुरू झाली. दोघे शास्त्री एकदा नेहमीच्या वेळी आले, बालकनीच्या दारात त्या झळांमध्ये थोडा वेळ उभे राहिले, 'अच्छा, फिर कभी' म्हणाले आणि गेले. मावसबहीण आईला ठेवून हैदराबादला परत गेली. मावशीचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले.

ज्येष्ठातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. खोली गार होती, मावशी कुशीवर होऊन गाढ झोपली होती, इतकी गाढ की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. काका घरात दिसेनात. बघतो तर बालकनीत, बाहेरच्या यंत्राच्या आणि कठड्याच्या मधे एका स्टुलावर अंग चोरून बसलेले. डोक्यावर ओला पंचा, गुडघ्यांवर यंत्राची आग, वरून लूचा भाजता वारा. मी दार सरकवून म्हटलं, "काका, इथे काय करताय? आत चला, आत चांगलं गार आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार ओढून घ्यायला सांगितलं. मी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसलो. "आत बसलो की मी बोलतो," ते हळूच म्हणाले. "आणि मी बोललो की ती 'हूं' म्हणायला जागी होते."

"मग बोलू नका."

याला उत्तर येणार म्हणून मी वाट पाहिली. काकांनी पंचा सारखा केला. "जमत नाही रे," ते म्हणाले.

पुढे ते काही बोलले नाहीत. काचेतून आत पलंगाकडे बघत बसून राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो. हा माणूस एकदा तरी गप्प बसावा म्हणून आम्ही सगळे जन्मभर देव पाण्यात घालून बसलो होतो. आता तो गप्प बसला होता, आणि मला भडभडून आलं.