पाणकोळ्यांवर टाकलेला भरवसा

वाळवंटाकाठच्या खाडीचं पाणी मातल्लाने आयुष्यभर पाखरांवरूनच ओळखलं. चिमुकले तुतवार पळताना दिसले की तिथे घोटाही बुडत नाही. लांब पायांचे रोहित पक्षी उभे असतील तिथे मांडीएवढं, रिकामी होडी जेमतेम सरकेल. आणि झोळीसारख्या चोचीचे पाणकोळी तरंगत असतील तिथे बिनघोर शीड सोडावं. हे त्याला बापाने शिकवलं होतं. खाडी अभयारण्यात, म्हणून इंजिनाला मनाई, त्यामुळे वारा आणि पाखरं, दोन्ही देवाचीच, एवढ्या आधारावर त्याने तीन मुली उजवल्या. बोय माशांचा हंगाम सरला की अभयारण्याचे लोक बेटांवर जायला त्यालाच बोलावत.

त्या मे महिन्यात पुनवेचं उधाण होतं आणि वारा पश्चिमेचा. चमच्या पक्ष्यांचं बेट बुटकं, घरटी पाण्याला लागून, पिल्लांना अजून पंख फुटलेले नव्हते. संध्याकाळची भरती बेटावर चढणार, हे अभयारण्याचा पहारेकरी हमादी याला दिसत होतं. घरट्यांखाली शिंपले घालून ती हातभर उचलायची, असं ठरलं. पहाटेचा नमाज झाल्यावर शिंपल्यांची पोती घेऊन होडी निघाली. सुकाणूवर मातल्ला, शिडाच्या दोरीवर त्याचा मेव्हणा इम्बारेक, पोत्यांवर हमादी.

"दाजी, एवढं ओझं आहे, लांबच्या वाटेने जाऊ या."

"तू काल बायकोला विचारून दोरी धरलीस, आज मला वाट शिकवतोस?"

इम्बारेक हसला. ओहोटी लागली होती. उजवीकडे पाणकोळ्यांचा मोठा थवा पाण्यावर अगदी शांत बसलेला दिसला. मातल्लाने बोट दाखवलं.

"ते बघ. तरंगतायत. तिथून गेलो तर अर्धा दिवस वाचेल."

होडी थव्याजवळ आली तरी एकही पाखरू उडालं नाही. मग खालून जोरात खरवडल्याचा आवाज झाला आणि होडी चिखलात रुतली.

पाणकोळी तरंगत नव्हते. बोटभर पाण्यात, चिखलावर पोट टेकून बसले होते. एकाची मान पंखावर पडली होती, दुसऱ्याच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा.

"हात लावू नका, बाबा," हमादी म्हणाला. "रोग आहे. दक्षिणेकडे महिनाभरापासून मरतायत."

"मला कोणी सांगितलं नाही," मातल्ला म्हणाला.

तिघांनी होडीला खांदे लावले, ती हलेना. ओझं कमी करायला हमादी पोती फेकायला निघाला.

"पोती फेकून तिथे काय पिल्लांची तोंडं बघायला जायचं?" इम्बारेक म्हणाला. तोवर पाणी इतकं ओसरलं की पोती फेकूनही उपयोग नव्हता. बेट समोर दिसत होतं, पण चालत जावं तर मधे खोल ओढे होते. भरती येईल तेव्हाच होडी उठणार, आणि तीच भरती बेटावर चढणार. हे तिघांनाही कळलं. इम्बारेकने चहा केला. मातल्लाच्या हातातला पेला तसाच थंड झाला.

उन्हं कलली तेव्हा होडी हलली. बेटावर पोचले तेव्हा काटक्यांची घरटी पाण्यावर फिरत होती, वर आई-बाप पाखरं घिरट्या घालत होती. हमादी कमरेएवढ्या पाण्यात शिरला. जिवंत हाताला लागली ती मोजकीच पिल्लं. त्यांना त्याने पोत्यांच्या ढिगावर ठेवलं.

"वारा पडला म्हणून उशीर झाला, असं नोंदवहीत लिहितो मी, बाबा."

"वारा देवाचा. त्याच्या माथी कशाला मारतोस? लिही, मातल्लाला पाखरं ओळखता आली नाहीत."

परतताना, खोल ओढे मागे पडल्यावर, मातल्लाने सुकाणू इम्बारेककडे दिलं.

"दाजी, मला कुठे वाट माहीत आहे?"

"मलाही नाही, आता."

त्याने शीड उतरवायला सांगितलं, झगा गळ्याशी गुंडाळला आणि पाण्यात उतरला. होडीच्या पुढे, तिची दोरी हातात धरून, दर पावलाला पायाने तळ चाचपत, तो घराच्या दिशेने चालू लागला.