चाळीच्या जागी मिठागर

माझी नोकरी ठाण्याला, कॉम्प्युटरवर पुढचे उन्हाळे काढून ठेवायची. आई त्याला पंचांग म्हणते. म्हणू दे! हवामानाच्या आमच्या जुन्या मॉडेलमध्ये नकाशाचा एकेक चौकोन एवढा ऐसपैस, की ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत सगळ्यांना एकच ऊन. नवं मॉडेल आलं, चौकोन बारीक झाले आणि दिवा गावातली आमची गल्लीसुद्धा वेगळी दिसायला लागली. मी इतकी हरखलेले की रविवारी लॅपटॉप घेऊन थेट आईच्या चाळीत गेलेले.

आईनं चष्मा लावला. नकाशावर चहूकडे सगळं लालभडक, आमची गल्ली मात्र गारेगार निळी.

"अगं, आम्ही काय महाबळेश्वरला राहतो?" पदरानं घाम पुसत ती म्हणाली.

मला हसू आवरेना. पण या नकाशावरूनच उन्हाळ्यातल्या थंडाव्याच्या सरकारी जागा ठरणार होत्या. लाल गल्ल्यांना छप्पर, पाणी, कूलर, निळ्यांना ठेंगा. आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या हॉलवर नुसते पत्रे, आणि गेल्या मे महिन्यात आई तिथंच चक्कर येऊन पडलेली. यादी शुक्रवारी पक्की व्हायची होती.

तेवढ्यात चाळीची मालकीण डोकावली. तिच्या सासरची इथं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं. नकाशा बघून म्हणाली, "बरोबर दाखवतंय की! हितं आमचं मिठागर व्हतं. पाणी व्हतं, वारा व्हता. चाळ मागनं बांधली."

अगं बाई! कुठली जमीन कशी आहे हे मॉडेलला आपणच सांगायचं असतं, आणि त्यात जुनाच नकाशा भरलेला. म्हणजे मॉडेलच्या लेखी माझी आई पाण्यात राहत होती. भरणारी शहाणी कोण? मीच! जन्म याच गल्लीतला, आणि एकदा तपासून बघावं, तर नाही.

सोमवारी ऑफिसात चूक कबूल केली, भरपूर ऐकून घेतलं, जमीन बदलली, आपल्या भागापुरतं मॉडेल पुन्हा चालवलं. गुरुवारी निकाल आला आणि मी जिन्यातूनच फोनवर ओरडले, "आई, आपण लाल झालो!" समोरून येणारे साहेब दचकून भिंतीला चिकटले.

शुक्रवारी हॉल यादीत आला. संध्याकाळी मालकिणीनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. आपण सगळ्यात जास्त भाजणार म्हणून पेढे! हसून हसून आमची पुरेवाट झाली. शेजारच्या काकांनी तर लाल नकाशा मोबाईलवर स्टेटसला ठेवला.

आई नकाशाखालची बारीक अक्षरं वाचत होती.

"हा कधीचा मे गं?"

"तीस वर्षांनंतरचा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तू माझ्या वयाची असशील." हातातला पेढा तिनं माझ्या हातावर ठेवला.

"मग हॉल मोठा मागायचा होतास," ती म्हणाली.