टाळी ऐकून दिलेला पास

हाफ टाइमला आमच्या टीमचे मालक जहागीरदारसाहेब स्वतः मैदानात उतरले. लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसलेले आम्ही अकरा जण ताडकन उठलो. सामना मोमिनाबादच्या छावणीच्या मैदानावर होता. समोर करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकात खात्याची टीम. दोन्हीकडे एकेक गोल झालेला.

"कप आया तो भीमराव, तुम कचेरी में पक्के," साहेब मला म्हणाले. "नै आया तो अपना रस्ता नापो."

हे 'पक्के' मला फार हवं होतं. तेव्हा फुटबॉल खेळण्याचा असा पगार नसे. टीमचा मालक कुठंतरी शिपायाची कच्ची जागा द्यायचा. पाय चालतील तोवर जागा आपली. माझे पाय बेताचेच, त्यामुळे सात वर्षांत चार टीमा झाल्या. शेवटी बायको चौसाळ्याला माहेरी जाऊन बसली. तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "लई गावं झाली तुमची. पक्कं झाल्याबिगर मी चूल हलवणार न्हाई."

मी हाफबॅक. हाफबॅक म्हणजे मधला माणूस. त्यानं मागून आलेला बॉल पुढे आपल्या माणसाला पोचवायचा. टपालवाल्याचंच काम, फक्त लोक लाथा मारतात.

आधीची तीन वर्षं मी याच करोडगिरीकडून खेळलो होतो. तिथं उजव्या टोकाला रहीम असायचा. तो मोकळा झाला की दोन टाळ्या वाजवायचा आणि मी मान न उचलता तिकडं बॉल सोडायचो. या न बघता दिलेल्या पासावर माझं थोडं नाव झालं होतं. जहागीरदारांनी मला घेतलं तेही त्याच नावावर.

सामना संपत आला. बॉल माझ्या पायात आला आणि त्याच ओळखीच्या दोन टाळ्या ऐकू आल्या. मी बॉल सोडला. काय पास होता! चौघांच्या मधून सरळ गेला. जन्मात तसा दुसरा जमला नाही. रहीम क्षणभर माझ्याकडं बघतच राहिला, मग त्यानं आमच्यावर गोल मारला.

शिट्टी झाल्यावर रहीम धावत आला. "मी आमच्या गड्याला टाळी दिलती बे! तू कावून मधी पडला?"

"सवय," मी म्हणालो.

जहागीरदारसाहेबांनी एवढंच विचारलं, "तनखा किसकी खाते जी तुम?" मग पाठ फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौसाळ्याला कोणत्या तोंडानं जाऊ, एवढाच विचार डोक्यात होता.

तेवढ्यात करोडगिरीच्या बड्या साहेबांनी बोलावलं. कप त्यांच्या मांडीवर होता. "इनों कप दिलाए," ते कारकुनाला म्हणाले, "इनको नाके पे रख लो. पक्का."

मी पाया पडायला वाकलो.

"मगर एक शर्त है. ये आदमी गेंद को पाँव नै लगाना. कल किसको दे देगा, क्या भरोसा!"

पंधरा दिवसांनी बायको चूल घेऊन नाक्यावर आली. तिथं मी बावीस वर्षं काढली.

नवीन पोरं खेळाचं विचारायला येतात, तेव्हा मी एकच सांगतो: पास देण्याआधी मान वर करून बघा. मी बघितलं असतं, तर कदाचित अजून माहेरी गेलेल्या बायकोची वाट बघत बसलो असतो, हे मात्र सांगत नाही.