बास म्हणायचं राहिलं

हे मी अजून घरातही बोललेलो नाही. बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत असतं, हे नाही. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही नीट उमगलेलं नाही.

राजूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शाळेमागची टेकडी उन्हाळ्याच्या तोंडाला दरवर्षी जळायची. कोणी म्हणायचं मेंढपाळ पेटवतात, कोणी म्हणायचं विडीचं थोटूक. मला मात्र आगीपेक्षा नंतरचं कोडं मोठं वाटायचं. काळ्या पडलेल्या उतारावर कुसळी गवत पुन्हा येतं कसं? एकदा पोरांच्या तळहातांवर मी कुसळं ठेवली आणि वर पाण्याचा थेंब टाकला. कुसळ आपोआप पीळ सोडत फिरायला लागलं. असंच फिरत फिरत त्याचं बी मातीत शिरतं, आणि जाळ वरून निघून जातो.

चंदानं तो तळहात मधली सुट्टी संपली तरी मिटला नव्हता.

चंदा आठवीत होती, बाकीच्यांपेक्षा वयानं थोडी मोठी. तिच्या बुद्धीची वाढ कमी आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तिला सगळ्यांबरोबर, त्याच वर्गात शिकवायचं होतं, आणि मला ते मनापासून करायचं होतं. ही शिकते कशी, याचं मला भारी कुतूहल होतं. एकच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगितली की तिच्यात पक्की बसायची. मग हलायची नाही.

वणवा शाळेकडं सरकला तर काय करायचं, तेही मी शिकवलं. मैदानात फक्कीची रेघ मारायची, ती आग समजायची आणि कडुनिंबाच्या ओल्या डहाळीनं झोडपायची. वारा फिरला की सगळं टाकून पळायचं, हे बाकीच्यांना एकदा सांगितलं, त्यांना पुरलं. चंदाला ते मी शिकवलंच नाही. तिला सांगितलं, मी ‘बास’ म्हणालो की थांब. सोपं होतं — माझ्यासाठी.

“गुरुजी, जल्दी बास म्हणा, न्हाईतर ही मैदान खणून काढंल,” पोरी म्हणायच्या. चंदाही हसायची, पण हात थांबवायची नाही. माझ्याकडं बघत राहायची. कोणी पाहुणे आलेले असले की मी मुद्दाम जरा उशीर लावायचो. पाहा, किती छान शिकली आहे.

मग एका दुपारी टेकडी खरंच पेटली. पायथ्याला पोरांनी लावलेली रोपं होती. मोठ्या पोरांना घेऊन मी वर गेलो, आणि चंदाच्या हातात डहाळी मीच दिली. शिकवलेलं खऱ्या आगीपुढं टिकतं का, हे मला पाहायचं होतं. याला काय म्हणायचं — कुतूहल?

टिकलं. सगळ्यांत नेटानं तीच झोडपत होती. उतारावरून खाली येणारी आग सावकाश सरकते. पण तिला मागून वारा मिळाला की उताराचं काही चालत नाही. वारा फिरला. पोरं पळाली. आणि मी — मीही पळालो. पोरांना सांभाळायला पळालो, असं बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. पण मी त्यांच्या पुढं होतो.

वळून पाहिलं. चंदा तिथंच होती. डहाळीचा पाला जळून गेला होता, हात चालू होता, आणि डोळे माझ्याकडं. एक शब्द पुरला असता. का नाही ओरडलो? ओरडलो आणि तिला येता आलं नाही, तर मला परत जावं लागलं असतं — म्हणून. दिसलंच नाही, असं करून मी पुन्हा तोंड फिरवलं.

तिला एका मेंढपाळानं ओढून बाहेर काढलं. जालन्याच्या दवाखान्यात तिच्या वडिलांसमोर हेडमास्तरांनी विचारलं, “ती कशी गेल्ती तिकडं?”

“पोरांच्या मागं मागं आल्ती,” मी म्हणालो. “सांगितलेलं कळलं न्हाई तिला.”

वडिलांनी मान हलवली. “लेकराला काय कळतंय, गुरुजी. तुम्ही लई केलं तिच्यासाठी.” त्यांनी मला हात जोडले. त्यानंतर चंदा शाळेत आली नाही. पोरींनी सगळं पाहिलं होतं. त्या बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

कळलं नाही? मी जेवढं शिकवलं होतं, तेवढं सगळं तिला कळलं होतं.

गेल्या फाल्गुनात तिच्या घरावरून चाललो होतो. आईनं अंगणात पालापाचोळा पेटवला होता आणि चंदा — आता चांगली मोठी बाई — डहाळीनं तो झोडपत होती. उजव्या मनगटाची कातडी आवळलेली. जाळ केव्हाच विझला होता, नुसती राख उडत होती. मी गाडी थांबवली. तिनं मला पाहिलं, आणि हात न थांबवता बघत राहिली.

“असंच करती,” आई म्हणाली. “हात दुखून आला तरी थांबत न्हाई.”

“बास,” मी म्हणालो.

चंदा थांबली. डहाळी खाली ठेवून हसली.

“बघा,” आई म्हणाली, “तुमचंच ऐकती.”

मी गाडी सुरू केली.