ग्रीक नीतिशास्त्र आणि माझं पार्किंग

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत एक प्रोफेसर राहतात. माणूस मुद्दाम वाईट वागत नाही, अज्ञानापोटी वागतो, या ग्रीक विचारावर त्यांचा जाडजूड प्रबंध आहे. त्यांची गाडी मात्र रोज माझ्या पार्किंगमध्ये. विचारलं की डोळे मिटून म्हणतात, "असं बघा, लक्षातच आलं नाही."

परवा वैतागून मी माझी गाडी त्यांच्या गाडीला आडवी लावली. सर खाली आले, पण चिडलेच नाहीत.

"तुमच्या लक्षात आलं नसेल."

"आलं होतं, सर. मुद्दाम लावलीय."

"असं बघा, तसं तुम्हाला वाटतंय," म्हणत त्यांनी मला क्षमा केली आणि रिक्षाने निघून गेले.

मी मुद्दाम लावलीय, यावर बाकी सोसायटीचा मात्र लगेच विश्वास बसला.