बंद करायच्या यादीतला नंबर

हणमंतरावांनी पासवर्ड टाकला. लॅपटॉपवर अक्षरं उमटली : तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. आम्ही दोघांनी त्यांच्या मोबाइलकडे पाहिलं. तो गप्प पडून होता.

इस्लामपूरजवळ त्यांचं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांच्या मशिनरीचे स्पेअर पार्ट तिथं बनतात. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस. विश्रामबागेत राहतो आणि छोट्या धंद्यांना कोणता डेटा प्लॅन, कोणता ईमेल घ्यावा ते सांगतो. आठवड्यापूर्वी हणमंतरावांनी मला बोलावलं होतं.

"साहेब, नेट लय कमी पडतंय. सगळ्यात मोठा प्लॅन सांगा."

मी त्यांच्या पाचही सिमचा वापर तपासला. निम्मासुद्धा डेटा संपत नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये रेंजच नव्हती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? शेडमध्ये ब्रॉडबँड घ्या आणि सिमवर लहान प्लॅन ठेवा, असं मी लिहून दिलं. पाचव्या सिमवरून आठ महिन्यांत एकही कॉल झाला नव्हता. त्यापुढे मी लाल पेनानं 'बंद' लिहिलं. सिम कुणाचं, हे विचारलंच नाही. चाळीस वर्षांचा अनुभव होता ना!

आज धंद्याच्या नावाचा नवा ईमेल सुरू करायला आलो होतो. मोठ्या रुबाबात मी जुना, फुकटातला ईमेल लॉगआउट केला. तेवढ्यात एका कारखान्याच्या पर्चेस ऑफिसमधून फोन आला. ड्रॉइंग मेलवर पाठवलंय, पाचपर्यंत 'मान्य' असं उत्तर द्या, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. उत्तर त्यांच्याकडे नोंदवलेल्या जुन्या ईमेलवरूनच हवं होतं. साडेतीन वाजले होते. ऑर्डर वर्षभराच्या कामाची होती. जुना ईमेल पुन्हा उघडायला गेलो, तर हा कोड आडवा आला.

"हा ईमेल काढला कुणी?" मी विचारलं.

"आमच्या दिलीपनं, धाकट्या भावानं. फौजेत हाय. सुट्टीला आलता तवा सोताच्या नंबरावर काढून दिला."

"मग त्याला फोन लावा."

"कुटनं लावताय! वर बर्फात ड्यूटी हाय त्याची. सिम घरीच ठिवून गेलाय." ते एकदम थांबले. "साहेब, तुमी बंद करा म्हटला, त्यो हाच की नंबर."

मी यादी काढून नंबर ताडून पाहिला.

"केला बंद?"

"घरात सांगितलं मी, रिचार्ज करू नगा म्हणून."

घर मागेच होतं. दिलीपची बायको सुरेखा बाहेर आली. हणमंतरावांनी नंबरचं विचारताच ती खाली बघायला लागली.

"दादा, रागावू नगा. मी न्हाई बंद केला. माझ्या पैशानं रिचार्ज मारला."

"आगं, पण का?"

"फौजेच्या फोनवरनं त्यांचा कॉल आला की पयलं हेच इचारत्यात, माझा नंबर चालू हाय न्हवं? म्हणत्यात, नंबर चालू हाय म्हंजे घरी माझी जागा हाय."

तिनं देव्हाऱ्याशेजारचा जुना फोन आणला. पूर्ण चार्ज होता. कोड त्यावर येऊन पडलेला. त्याची मुदत टळली होती, म्हणून नवा मागवला. चार वाजून दहा मिनिटांनी 'मान्य' गेलं. ऑर्डर राहिली.

 हणमंतरावांनी माझ्याकडची यादी घेऊन तो लाल शब्द स्वतः खोडला.

तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये डेटा आणि कॉल यांच्या शेजारी आणखी एक रकाना आहे : हा नंबर कोण जपतं? तो भरल्याशिवाय मी लाल पेन उघडत नाही.